सुबाभूळ, ऑलिव्ह आणि अथेन्सची उपासमार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीक युद्धांवरचा लेख आवडला. मात्र ‘स्पार्टाने दरवर्षी शेतं जाळली, झाडं तोडली, म्हणून अथेन्स उपाशी पडून शरण आलं’ हे वाक्य माझ्यासारख्या शेतकऱ्याला खटकलं.

आमच्या बांधावरची सुबाभूळ मी तीनदा बुडातून तोडली. दर पावसाळ्यात ती चौपट फुटव्यांनी वर येते. ऑलिव्हही तसाच चिवट. इ.स.पू. ४८० मध्ये इराण्यांनी अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचा पवित्र ऑलिव्ह जाळला आणि दुसऱ्याच दिवशी बुंध्यातून हातभर कोंब आला, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. एका रात्रीत हातभर, हे सोडून द्या. पण फुटतो, हे खरं.

धान्याचंही तेच. चिकात आलेलं पीक पेटत नाही. पेटवायचं तर ते वाळून कापणीला आलेलं हवं, आणि ते दिवस मोजके. अथेन्स-स्पार्टा युद्धाच्या पहिल्या वर्षी, इ.स.पू. ४३१ मध्ये, स्पार्टाचा राजा आर्किडेमस नेमका तेव्हा आला. ४२५ ची स्वारी मात्र लवकर निघाली, पीक हिरवंच होतं, फौजेला खायला मिळेना. त्यात अथेन्सने स्पार्टाच्या मुलखात पायलॉसला ठाणं मांडल्याची वाईट बातमी आली आणि पंधरा दिवसांत सगळे माघारी. स्पार्टावाल्यांची शेती हेलट, म्हणजे त्यांचे गुलाम कुळवाडी, कसत; त्यांना घाई नव्हती. पण त्यांच्या मित्रराज्यांचे सैनिक स्वतःच शेतकरी. ४२८ मध्ये दुसऱ्यांदा बोलावणं गेलं तेव्हा ते रेंगाळले, कारण घरी सुगी चालू होती!

सर्वांत लांबलेली स्वारी ४० दिवसांची. तेवढ्यात सगळा अॅटिका, म्हणजे अथेन्सभोवतीचा मुलूख, उजाड करायचा म्हणजे किती कुऱ्हाडी लागतील? शिवाय तटबंदीच्या आत अथेन्स खात होतं ते पिरियस बंदरात उतरणारं परदेशी धान्य.

शेतीचं खरं नुकसान झालं ते ४१३ पासून. स्पार्टाने अॅटिकातल्याच डिकेलियाला ठाणंच मांडलं आणि शत्रू बारमाही शिवारात बसला. वीस हजारांहून अधिक गुलाम पळाले, मेंढरं आणि ओझ्याची जनावरं गेली. तरीही अथेन्स आणखी नऊ वर्षं तगलं. ४०५ मध्ये काळ्या समुद्राच्या वाटेवरच्या हेलेस्पाँट सामुद्रधुनीत, इगोस्पोटामीला, अथेन्सचं जवळजवळ सगळं आरमार स्पार्टाच्या हाती पडलं, काळ्या समुद्राकडून येणारी धान्याची गलबतं थांबली, तेव्हा कुठे चुली विझल्या.

लेखाच्या पुढच्या भागात डिकेलियाला निदान दोन ओळी मिळाव्यात.

आपला,
एक शेतकरी वाचक, कोपरगाव