फोटोत बाई एकटीच का?

संपादक साहेब,

नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मूल न होण्यावर पूर्ण पान आलं होतं, ते मी दोनदा वाचलं. थायरॉइड, पीसीओडी, वाढतं वय, आयव्हीएफचा खर्च सगळं होतं त्यात. पण फोटो बघितला तर खिडकीपाशी एकटी बसलेली बाई. नवरा कुठं गेला म्हणे? पूर्ण पानात नवऱ्यावर अडीच ओळी, त्या पण दारू सिगरेट सोडा एवढ्याच. म्हणून लिहायला बसलोय. माझं नाव छापू नका, आमच्या गल्लीत सगळे तुमचाच पेपर वाचतात आणि आई तर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचती.

मी अक्कलकोट रोडकडं एका बॅटरीच्या दुकानात तेरा वर्षं कामाला होतो. दुकानाचं नाव सांगत नाही, मालक माणूस वाईट नाही. ट्रॅक्टरच्या, रिक्षाच्या, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या यायच्या, त्या फोडायच्या, अ‍ॅसिड काढायचं, प्लेटा झाडायच्या, कढईत शिसं वितळवायचं आणि साच्यात ओतायचं. मागच्या बाजूला पत्र्याची खोली, एक खिडकी, ती पण थंडीत बंद. मास्क म्हणजे रुमाल. दुपारी तिथंच पोत्यावर बसून डबा खायचा, हात नुसते पाण्यानं धुवायचे, आणि मधे मधे तळहातावर तंबाखूचा मावा चोळायचा, त्याच करड्या हातानं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा काय वाटायचं नाही. पोटात मुरडा यायचा, चार चार दिवस साफ व्हायचं नाही, मी गॅसची गोळी खायचो. मेडिकलवाला न विचारताच काढून द्यायचा.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी काय नाही. मग आमच्या बायकोची वारी सुरू झाली. सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी (ती किती दुखती हे ज्या बाईनं केलीय तिलाच विचारा), हार्मोनच्या गोळ्या, वर सोळा सोमवार, तुळजापूरला नवस, कोणाच्या डोहाळजेवणाला गेली की मागच्या रांगेत बसायची. माझी तपासणी कधी? साडेतीन वर्षांनी. ती पण दुसऱ्या डॉक्टर बाईंनी दरडावून सांगितलं म्हणून. काउंट, म्हणजे वीर्याच्या एका मिलिलिटरमधे किती शुक्रजंतू, निघाला साठ लाख. डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) २०२१ ला जो खालचा आकडा धरलाय तो मिलिलिटरला १ कोटी ६० लाख. हालचाल पण कमी, आकार पण बिघडलेला.

आता खरी गंमत ऐका. त्या डॉक्टर बाईंनी जुनी फाइल चाळली, त्यात पहिल्या पानावर एक रकाना होता, पतीचा व्यवसाय. त्यात लिहिलं होतं खासगी नोकरी. मीच लिहिलं होतं, बॅटरी फोडतो हे काय लिहायचं म्हणून. पण पुढं कोणी विचारलं पण नाही, खासगी म्हणजे काय बाबा नेमकं. बाईंनी विचारलं आणि माझ्या नखांकडं बघितलं. मग रक्तातल्या शिशाची टेस्ट. आकडा आला ४६, म्हणजे डेसिलिटरभर रक्तात ४६ मायक्रोग्रॅम शिसं. डब्ल्यूएचओ म्हणतं ५ च्या वर गेला तरी शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा.

तेव्हापासून मी मोबाइलवर वाचत बसलो, आणि लय राग आला, कारण ही गोष्ट नवीन नाहीच. १९७५ साली रोमानियातल्या शिशाच्या कामातल्या १५० माणसांचा अभ्यास छापून आलाय, त्यात हेच, काउंट कमी, हालचाल कमी, आकार बिघडलेला. माझ्या जन्माआधीची गोष्ट. रक्तातलं शिसं ४० च्या पुढं गेलं की वीर्यावर परिणाम दिसतो असं नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत आलंय.

हे होतं कसं ते डॉक्टर बाईंनी सांगितलं, मला समजलं तसं लिहितो. शुक्रजंतूच्या डोक्यात बापाचा डीएनए भरलेला असतो, आपल्याकडं चादरी दाबून दाबून गठ्ठा बांधतात तसा एकदम घट्ट. तो गठ्ठा घट्ट राहायला जस्त लागतं. शिसं रक्तातून तिथं पोचलं की जस्ताच्या जागेवर जाऊन बसतं आणि गठ्ठा ढिला पडतो. शिवाय मेंदूकडनं अंडकोषाला जो हार्मोनचा निरोप जातो त्यात पण गडबड करतं. वरनं आपलं सोलापूर. अंडकोषाला अंगापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो आणि आम्ही मे महिन्यात ४४ च्या उन्हात पत्र्याखाली भट्टीपुढं उभे.

आणि मावा, बिडी. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम नावाचा विषारी धातू ओढून घेतं, हे मला माहीत नव्हतं. ते एकदा किडनीत जाऊन बसलं की १० ते ३० वर्षं हलत नाही, आणि अंडकोषात रक्त आणि बीज यांच्यामधे जी भिंत असती तीच खराब करतं. म्हणजे तुमच्या पानावर सिगरेट सोडा लिहिलं ते बरोबरच होतं, फक्त का ते लिहिलं नाही.

अजून एक चूक सांगतो, लाज वाटती पण सांगतो. रिपोर्ट यायच्या आधी एका पाहुण्यानं ताकदीची पुडी आणून दिली होती, लेबल नाही काय नाही, मी दोन महिने दुधातनं घेतली. नंतर कळलं की जुन्या रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, नाग म्हणजे शिसं, आणि नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म. अमेरिकेत २००८ ला ऑनलाइन मिळणारी १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली तेव्हा साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक निघालं. मी आयुर्वेदाला नावं ठेवत नाही, आमच्या घरात काढा चालतो. पण मूल होत नाही म्हणून घाबरलेला माणूस जे हातात देतील ते गिळतो, आणि बिनलेबलच्या पुडीत काय आहे हे देणाऱ्याला पण माहीत नसतं.

मी काम सोडलं. दुसरं औषध फारसं नव्हतंच, शिसं आत जाणं बंद करणं हेच औषध. रक्तातलं निम्मं साधारण महिन्याभरात उतरतं, पण हाडात साठलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं परत रक्तात येत राहतं, त्यामुळं आकडा झपकन खाली येत नाही. आणि एक शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून आज काम सोडलं आणि पुढच्या महिन्यात रिपोर्ट करून रडत बसलं तर उपयोग नाही. मला चौदा महिने लागले, शिसं ४६ वरनं १९ वर आलं, काउंट २ कोटीच्या थोडा वर. आता आमच्या घरी काय झालं ते नाही सांगत, तो आमचा प्रश्न आहे.

सरकारला माहीत नाही असं पण नाही. पेट्रोलमधलं शिसं २००० ला बंद केलं, घरच्या रंगात ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर शिसं नको असा नियम २०१६ ला आला. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमधे सरकारला कळवायच्या रोगांची यादी होती, तिच्यात पहिलंच नाव शिशाच्या विषबाधेचं. पण तीन माणसांचं दुकान फॅक्टरीत मोडत नाही, मग कोण कोणाला कळवणार.

माझी मागणी मोठी नाही. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं की बाईच्या नळ्या तपासायच्या आधी नवऱ्याची साधी वीर्य तपासणी करा, आणि त्याला विचारा दिवसभर हातानं काय करतोस. बॅटरी, सोल्डरिंग, भंगार वितळवणं, जुना रंग खरवडणं, प्लेटिंग असलं काय असेल तर रक्त तपासा. दुकानवाल्यांनी कढईवर एक्झॉस्ट बसवावा, साबण ठेवावा, कामाचे कपडे दुकानातच राहू द्यावेत. मी तेरा वर्षं ती धूळ अंगावर घेऊन घरी यायचो आणि बायको ते कपडे हातानं धुवायची, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

परवा जुन्या दुकानात गेलो होतो. माझ्या जागेवर एक पोरगा आलाय, चोवीस वर्षांचा, दिवाळीनंतर लग्न. त्याला म्हटलं लग्नाआधी रक्तातल्या शिशाची टेस्ट करून घे. तो हसला, म्हणाला, काय बोललालास बे अण्णा, मला काय झालंय, आणि कढईतली पळी बाजूला ठेवून त्याच हातानं खिशातनं माव्याची पुडी काढली.

आपला,
एक वाचक, सोलापूर
(नाव छापू नये)