बारशाला जाल, तेव्हा आईला टोचू नका

भाचीच्या मुलीचं बारसं ३ महिन्यांपूर्वी सांगलीत झालं. येणारी प्रत्येक जण बाळाआधी आईकडे बघून म्हणे, "अगं, किती सुटलीस!" ती हसली आणि आत जाऊन रडली. तेव्हापासून ती आमराईत फिरायला येत नाही, फोटोत उभी राहत नाही. आता केसही गळताहेत. बाळंतपणानंतर ३-४ महिन्यांनी ते गळतात, बहुतेकींचे वर्षभरात पुन्हा येतात. ९ महिने ताणलेलं पोट सव्वा महिन्यात कसं उतरेल? हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा. याचं मला फार वाईट वाटतं. उदासी २ आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. तिच्या सासूबाईंनी घरात वजनाचा विषयच बंद केलाय.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली