आजेसासूबाईंचं नाव आधी लिहून घे

पुणे
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय समीर,

तुझं पत्र मिळालं. छिंगमिंगला, म्हणजे एप्रिलमधल्या पूर्वजांच्या सणाला, वहिनींबरोबर दक्षिण चीनमध्ये ताइशानला जायचं आणि पंधरा दिवस राहून आजेसासूबाईंच्या आठवणी उतरवून घ्यायच्या, हे फार चांगलं ठरवलंस. नव्वदी गाठलेलं माणूस, भोवती चाळीस-पन्नास जणांचं गणगोत, आणि त्यांची बोली पुरती कळणारे त्यात जेमतेम चार-पाच. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाहीच. सुरुवात कशानं करू, असं विचारलंयस. त्यांच्या नावानं कर.

घराण्याची वंशावळ, तिला झूपू म्हणतात, तुला हौसेनं दाखवतील. तीत पुरुषांची नावं पिढीवार असतात. एका पिढीतल्या सगळ्या भावांच्या नावात एक अक्षर समान असतं आणि ही अक्षरं पुढच्या कित्येक पिढ्यांसाठी आधीच ठरवलेली असतात. बायकांचं मात्र तसं नाही. सुनेच्या जागी फक्त माहेरचं आडनाव आणि पुढे 'शी' हे अक्षर. छन घराण्यातून आली तर 'छन-शी', संपलं. लेकी तर जुन्या झूपूंत बहुधा नसतातच. गंमत बघ, तिकडची बाई लग्नानंतर आडनाव बदलत नाही, तरी घराण्याच्या पुस्तकात तिचं स्वतःचं नाव उरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर त्यांचं जन्माचं नाव लिहून घे, आणि ते चिनी अक्षरांत. उच्चारावरून नाव कळत नाही, एका उच्चाराची दहा अक्षरं निघतात. त्यांना लिहिता येत असेल तर त्यांच्याच हातानं लिहून घे. येत नसेल तर त्यांच्या पिढीच्या जवळच्या कुणाकडून लिहून घे आणि त्यांना दाखव. झूपूत जुनी, जास्त रेघांची अक्षरं असतील आणि ओळखपत्रावर सोपी केलेली. दोन्हींचे फोटो काढ. नाव 'चाओदी'सारखं निघालं, तर त्याचा अर्थ 'धाकट्या भावाला बोलाव' असा होतो. आपल्याकडे 'नकुसा' ठेवतात, त्याच जातीचं. असं काही निघालं तर चारचौघांत अर्थ विचारू नकोस. नंतर एकट्यात विचार, सांगायचं असेल तर त्या सांगतील.

पुरुषांची अडचण उलटी आहे, त्यांना नावं फार. तान्हेपणीचं एक, शाळेतलं दुसरं, आणि त्या भागात लग्नाच्या वेळी घेतलेलं तिसरं. झूपूत सहसा लग्नाचं नाव सापडतं, आजी बोलताना तान्हेपणीचं घेतील. तुझ्या वहीत एकाच माणसाची तीन माणसं होतील आणि आठवड्याभरानं सगळा गुंता. प्रत्येक पुरुषाला एक वेगळं पान दे आणि वर कळतील तेवढी सगळी नावं लिही. परदेशी गेलेल्यांचं चौथंही नाव असू शकतं. अमेरिकेनं १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोच्या जन्मनोंदी जळाल्या, तेव्हा अनेकांनी आपण तिथेच जन्मल्याचं सांगितलं आणि मग गावाकडच्या मुलांसाठी, नसलेल्याही मुलांसाठी, कागद तयार झाले. त्या कागदांवर दुसऱ्याच घरचे मुलगे गेले. त्यांना 'कागदी मुलगे' म्हणतात. कायदा १९४३ मध्ये उठला, पण कित्येक कुटुंबांत कागदावरचं आडनाव तसंच राहिलं. तेव्हा एखाद्या काकांचं आडनाव घराण्याशी जुळलं नाही तर जेवणाच्या टेबलावर विषय काढू नकोस. शिवाय नुसत्या स्पेलिंगवरून माणसं वेगळी धरू नकोस. जे मँडरिनमध्ये 'छन' ते कॅन्टनीजमध्ये 'चॅन' आणि ताइशानच्या बोलीत 'चिन'. तिन्हींचं अक्षर एकच.

आता नाती. टिपणं मराठीतच ठेव, इंग्रजीत ठेवू नकोस, हे मी अगदी आग्रहानं सांगतोय. इंग्रजीतल्या एका 'अंकल'मध्ये काका, मामा, आत्याचे यजमान आणि मावशीचे यजमान सगळे बुडतात. चिनी भाषेत ते सगळे वेगळे आहेत, आणि आपल्याकडेही. जावेला, साडूला, नणंदेला तिकडे स्वतंत्र शब्द आहेत, ते तुला सरळ मराठीत मांडता येतील. दोन ठिकाणी मात्र जपून. एक म्हणजे काका. वडिलांचा थोरला भाऊ वेगळा आणि धाकटा वेगळा, कॅन्टनीजमध्ये 'बाक' आणि 'सुक', म्हणून वहीत नेहमी 'थोरले काका', 'धाकटे काका' असं लिही. दुसरं भावंडांचं. चुलत भावंडं एका बाजूला, कारण त्यांचं घराणं तेच. आते, मामे आणि मावस ही तिन्ही मिळून दुसऱ्या बाजूला, त्यांना एकच शब्द. तेव्हा नुसतं 'ब्यू' ऐकलंस की लगेच विचार, आत्याचा की मामाचा की मावशीचा. आकड्यांवरही जाऊ नकोस. 'तिसरी आत्या' ही तिसरी बहीणच असेल असं नाही, कधी बहीणभाऊ एकत्र मोजतात, कधी लहानपणी गेलेलं मूलही मोजतात. कुठला आकडा गाळलेला दिसला की तिथे बहुतेक एक गेलेलं मूल असतं. हळू विचार.

त्या वहिनींच्या वडिलांच्या आई, म्हणून ताइशानच्या बोलीत 'ङिन-ङिन'. शाळेत आपण ङ नुसता घोकला, त्यानं सुरू होणारा शब्द कधी भेटला नाही. आता भेटला, नीट म्हण. त्यांना फार बरं वाटेल.

वयाचा हिशेब. तू लिहिलंस, त्या स्वतःला ९२ वर्षांच्या म्हणतात, ओळखपत्रावर २० डिसेंबर १९३४ आहे आणि जन्म कुत्र्याच्या वर्षातल्या (चिनी वर्षांना बारा प्राण्यांची नावं असतात) बाराव्या महिन्याच्या विसाव्या तिथीचा. यात कुणीच खोटं नाही. जुन्या पद्धतीत मूल जन्मतःच एक वर्षाचं आणि प्रत्येक चांद्र नववर्षाला एकेक वर्षानं मोठं होतं. कुत्र्याचं ते वर्ष १४ फेब्रुवारी १९३४ ला लागलं आणि ३ फेब्रुवारी १९३५ ला सरलं. बाराव्या महिन्याची विसावी तिथी येते २४ जानेवारी १९३५ ला. अकरा दिवसांनी नववर्ष लागलं आणि ते तान्हं बाळ दोन वर्षांचं झालं. पूर्ण झालेली वर्षं मोजलीस तर आज त्या ९० च्या आहेत. ओळखपत्र करताना कुणीतरी तिथीच इंग्रजी तारीख म्हणून उतरवली, ही चूक त्या पिढीत सर्रास दिसते. अठरा आकडी ओळख क्रमांकातले सातव्यापासून चौदाव्यापर्यंतचे आकडे म्हणजे जन्मतारीख, म्हणून ती चूक क्रमांकातही जाऊन बसते. वहीत तिन्ही लिही: तिथी, कागदावरची तारीख, खरी तारीख. तुला पंचांग वाचता येतं, त्यामुळे हे जड जाणार नाही. त्यांचाही महिना अमावास्येशी बांधलेला, अधिक मास त्यांच्याकडेही. फरक एवढाच, की अमावास्येचा दिवस ते पहिली तिथी धरतात.

सालं विचारू नकोस. 'हे कोणत्या वर्षी?' म्हटलं की म्हातारं माणूस परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं. 'जपानी आले त्याआधी की नंतर?', 'सामुदायिक भोजनगृह चालू होतं का तेव्हा?' असं विचार. खुणेचे दगड असे: १९३७ पासून युद्ध, १९४३ चा दुष्काळ, १९४९ ला आलेली कम्युनिस्ट राजवट, मग जमीनवाटप, १९५८ ची कम्यून, म्हणजे सामुदायिक शेती, आणि तिचं भोजनगृह, त्यामागची उपासमारीची वर्षं, १९६६ ते १९७६ ची सांस्कृतिक क्रांती. प्रत्येक आठवणीपुढे 'पा' किंवा 'ऐ' लिही, पाहिलेलं की ऐकलेलं. परदेशातून परतलेल्या 'चिन गी ही' नावाच्या गृहस्थांनी १९०६ मध्ये बांधायला घेतलेली ताइशानची शिननिंग रेल्वे जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून १९३८-३९ मध्ये उखडली गेली. आजी तेव्हा चार वर्षांच्या. रूळ काढताना पाहिल्याचं त्या सांगतील, पण ते बहुधा घरात ऐकून ऐकून स्वतःचं झालेलं असेल. खोडून काढू नकोस, 'ऐ?' लिही.

वजनांतही चकवा आहे. आज एक जिन म्हणजे ५०० ग्रॅम आणि त्याचे दहा लिआंग. १९५९ च्या आधी एका जिनाचे सोळा लिआंग होते, आपल्या शेराच्या सोळा छटाकांसारखे. तेव्हा लहानपणीच्या गोष्टीतले आठ लिआंग तांदूळ म्हणजे अर्धा जिन, नंतरच्या गोष्टीतले आठ लिआंग म्हणजे ४०० ग्रॅम. भुकेच्या वर्षांच्या गोष्टीत हा फरक लहान नाही. १९५५ पासून धान्याची कुपनं होती, ती १९९३ मध्ये गेली. एखादं कुपन पेटीत सापडलं तर आधी ते त्यांच्या हातात दे आणि मग विचार.

१९४३ बद्दल मुद्दाम लिहितो. ताइशानची घरं परदेशच्या पैशावर चालत. डिसेंबर १९४१ मध्ये हाँगकाँग पडलं आणि पैसे येण्याची वाटच बंद झाली. त्यात १९४३ ला पाऊस नाही. आजी आठ वर्षांच्या होत्या, म्हणजे हे 'पा' आहे. त्या घरात कुणी विकलं गेलं असेल, कुणाला दुसऱ्या गावी दिलं असेल. तू स्वतःहून यात शिरू नकोस. त्या शिरल्या तर मध्ये बोलू नकोस, त्या थांबल्या तर दहा-बारा सेकंद तसाच थांब. तेच जमीनवाटपाचं. परदेशच्या पैशातून शेत घेतलेल्या पुष्कळ कुटुंबांवर 'जमीनदार' हा शिक्का बसला आणि मुलाबाळांनाही तो वर्षानुवर्षं पुरला. 'रेकॉर्डिंग बंद करू का?' हे वाक्य त्यांच्या बोलीत पाठ करून जा.

त्यांच्याकडे जुनी पत्रं असतील तर फार मोलाची आहेत. पत्र आणि पैसे एकत्र येत, म्हणून त्यांना 'रौप्यपत्र' अशा अर्थाचं नाव आहे. २०१३ मध्ये युनेस्कोनं या पत्रांची जागतिक स्मृती म्हणून नोंद केली. लिफाफा आणि पत्र वेगळं करू नकोस, रक्कम बहुधा लिफाफ्यावरच असते. घड्या दाबून सपाट करू नकोस. आधी लिफाफ्याच्या दोन्ही बाजू, मग पत्र, अशा क्रमानं खिडकीच्या उजेडात फ्लॅशशिवाय फोटो काढ. काळ्या पानांवर चिकटवलेले फोटोही सोडवायला जाऊ नकोस, मागचं अक्षर फाटून जातं. मोठ्या कुटुंबाच्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवून डोक्यांना आकडे घाल आणि आजींना एकेक विचार. मध्ये बसलेल्यांपासून सुरू कर, थोरले तिथेच असतात. मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलनं, बॉलपेन पुढे उमटतं.

बैठक सकाळची, चाळीस मिनिटांची, त्यांच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला. फोन विमान मोडवर आणि दुसरं एखादं रेकॉर्डर सोबत, तोंडापासून वीतभर लांब. पंखा आणि टीव्ही बंद. माजाँगच्या सोंगट्यांचा खडखडाट तर आवाज पार गिळतो. वीचॅटच्या आवाजी निरोपांवर काम करू नकोस, साठ सेकंदांना तो निरोप तुटतो आणि नेमकं नाव अर्ध्यात राहतं. आधी त्यांच्या बोलीतलं जसंच्या तसं जपून ठेव, भाषांतर नंतर. नातवंडं मँडरिनमध्ये सांगताना अर्धं गाळतात, म्हणून दुभाषी गावातली एखादी आत्याच हवी. मुलगे समोर बसले की आईच्या वतीनं तेच उत्तरं देतात. त्यांना झूपूचे फोटो काढायला बसव आणि तू सुनांबरोबर स्वयंपाकघरात जा.

तिथे त्यांना खारी तांगयुआन शिकवायला सांग. हात चालू असले की तोंड आपोआप चालतं. चिकट तांदळाची पिठी अर्धा किलो, कोमट पाणी ४०० मिलिलिटरच्या आसपास, एकदम ओतायचं नाही. मळलेल्यातला लिंबाएवढा गोळा उकळत्या पाण्यात शिजवून परत पिठात मळतात. असं केलं नाही तर गोळ्या वळताना चिरा पडतात. मोदकाची उकड जमणाऱ्या माणसाला हे हाताला लगेच कळेल. गोळ्या सुपारीएवढ्या, आत सारण नाही. रश्श्यात पांढरा मुळा, सुकी कोळंबी, चिनी सॉसेज. ही थंडीतल्या सर्वांत लहान दिवसाची डिश, पण तू मागितलीस तर एप्रिलमध्येही करतील. विचार, की दुष्काळानंतर पहिल्यांदा ही कधी केली.

जाण्याआधी एक काम कर. मुंबईत माझगावला नवाब टँकजवळ चिनी देऊळ आहे, 'सी यूप' नावाचं. सी यूप म्हणजे चार तालुके, आणि त्या चारांतला एक ताइशान. त्या गावांची माणसं इतक्या लांब येऊन राहिली, देव बरोबर घेऊन आली. देवळाचे आठ-दहा फोटो छापून ने, मोठ्या आकारात, त्यांना फोनवर दिसायचं नाही. भेट म्हणून घड्याळ तेवढं नेऊ नकोस, चिनीत 'घड्याळ देणं' हे 'अखेरचा निरोप देणं'सारखंच ऐकू येतं.

परतण्याच्या दोन दिवस आधी पहिलं पान त्यांना वाचून दाखव: नाव, माहेरचं गाव, आईचं नाव. आईचं नावही झूपूत नसणार, ते आता फक्त त्यांनाच ठाऊक असेल. चूक निघाली तर तिथेच दुरुस्त कर आणि त्या पानाचा फोटो मला पाठव, अक्षरं ताडून बघतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू