वेदनाशमन सेवेच्या घरभेटी थांबू नयेत म्हणून आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाची वेदनाशमन सेवा सर्वांना ठाऊक आहेच. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारे तीव्र वेदनांवरचे औषध, ठेवायला कुणी धजत नसे. कॅन्सर रुग्णाच्या घरच्यांना एका पाकिटासाठी मुंबई गाठावी लागे. २०१४ साली कायदा सुधारला, आपल्या डॉक्टरांनी प्रशिक्षण घेतले आणि मंडळाला रीतसर मान्यता मिळवून दिली. सराफकाकांनी तेव्हा दिलेले दुहेरी कुलपाचे कपाट आजही ठणठणीत आहे. शाळेतल्या बाईंनी पेन्शनमधून पहिली एअर-गादी घेतली. भजनी मंडळाने तर एकादशीची दानपेटी न उघडता आणून टेबलावर ठेवली! या सगळ्यांचे ऋण मोठे आहे. रजिस्टरात गोळी न् गोळी नोंदलेली आहे, तपासणीत कधी खोट निघाली नाही, हे अभिमानाने सांगते.

गैरसमज मात्र हटत नाहीत. ‘अफूची गोळी सुरू झाली म्हणजे संपलंच’ असे म्हणून घरचेच औषध लपवतात आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. डॉक्टर थोड्या मात्रेपासून सुरुवात करून गोळी दर चार तासांनी देतात आणि दुखणे पाहून मात्रा वाढवतात. असे दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत लागते. किडनी अधू असेल तर औषधाचा अंश अंगात साठतो. झोप अती वाढली, भास झाले, अंग झटके देऊ लागले, श्वास मंदावला तर क्षणभरही न थांबता डॉक्टरांना गाठावे. सोबत दारू किंवा मनाने घेतलेली झोपेची गोळी जिवावर बेतते. गिळता येत नसेल त्याला फेंटॅनिल या तीव्र वेदनाशामकाची पट्टी कातडीवर लावतात, ती तीन दिवस चालते. तिच्यावर कुणी मायेने शेकपिशवी ठेवली तर औषध भसाभस अंगात जाते. हे फोनवर कळत नाही, घरी जाऊन बघावे लागते.

मॉर्फिनची गोळी स्वस्त आहे. खर्च आहे तो बघणाऱ्या माणसाचा. सिस्टरांचा पगार थकला आहे, गाडी गॅरेजात आहे. गेल्या गणपतीत हेच पत्र घरोघर दिले होते. मंडपाची वर्गणी दोन दिवसांत जमली, आपला डबा मात्र जवळजवळ रिकामाच परत आला. वाईट वाटले. ज्यांच्या घरी सिस्टर रात्री-अपरात्री धावून गेल्या, त्यांनी तरी विचारायला हवे होते. तरीही पुन्हा लिहिते आहे, कारण दुखणे वर्गणीसाठी थांबत नाही.

मदत : रोख वा चेक मंडळाच्या नावे, रक्कम कितीही, पावती लगेच. कार्यालय संध्या. ५ ते ७, रविवार बंद. एअर-गादी, कमोड खुर्ची, व्हीलचेअर वापरलेली पण धड असावी. गाडी चालवू शकणाऱ्यांनी आठवड्यातली एक दुपार द्यावी. रुग्ण गेल्यावर उरलेले मॉर्फिन शेजारी देऊ नये, टाकूही नये. कार्यालयात जमा करून रजिस्टरात सही करावी. पगाराची रक्कम महिनाअखेरीच्या आत हवी आहे.

आपली,
चिटणीस