रत्नागिरी ट्रिप : थिबा पॅलेसबद्दल सूचना, सगळ्यांनी पूर्ण वाचा

नमस्कार मंडळी,
बरेच जण पर्सनलवर विचारून राहिले म्हणून इथंच एकदा सांगतो. येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता नेहमीच्या जागी शंकरनगरला ट्रिपची मीटिंग आहे, ज्यांनी नाव दिलं त्यांनी यायचंच.

- ओरिजिनल आधार कार्ड आणि उरलेले पैसे सोबत आणा.
- पॅलेसमधलं म्युझियम सोमवारी बंद असतं म्हणून आपण मंगळवारी सकाळी जाऊ, त्यात बदल होणार नाही.
- आत कशालाही हात लावायचा नाही, फोटोचं तिथल्या स्टाफला विचारूनच.

जायच्या आधी थोडं वाचून या, खरंच. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशचा राजा थिबा याला गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं आणि हा राजवाडा मिळाला तो थेट 1910 मध्ये, म्हणजे राजा त्यात जेमतेम सहा वर्षं राहिला, 1916 मध्ये तिथंच वारला. लाल जांभ्याचं बांधकाम, उतरती छपरं अन् अर्धगोल खिडक्यांतली रंगीत काच, हे घाई न करता बघा. मागच्या बाजूला बुद्धमूर्ती आहे, तिथंही थांबू. 1956 ला आपल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांना दीक्षा देणारे चंद्रमणी महास्थविरही मूळचे ब्रह्मदेशचेच, त्यामुळं मला तरी हा राजवाडा नागपूरकरांनी बघायलाच हवा असं वाटते.

राजाची समाधी पण शहरातच आहे, वेळ उरला तर तिकडं जाऊ.

ज्येष्ठांनी जिन्याची अडचण असेल तर आधीच सांगा. कॅन्सल करायचं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, वेटिंगवर लोक आहेत.