आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत तपासणी करा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात भूम तालुक्यातल्या आमच्या गावात आपल्या खात्याचं शिबिर झालं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होणार, असं आशाताई घरोघर सांगून गेल्या होत्या. बायका रोजगार बुडवून आल्या. बीपी बघितलं, बोट टोचून शुगर बघितली, फ्लेक्सपुढे उभं करून फोटो काढले. मग म्हणाले, "तपासणीचं किट आलं नाही, पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ कधी? दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यावर जातात, त्या उन्हाळ्यातच परत येतात.

माझी धाकटी नणंद पाटोद्याला दिलीय. फडात संडास नाही, पाळीत कपडा धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट दुखायचं, तरी खाडा पडेल म्हणून ती मोळ्या उचलत राहिली. खाजगी डॉक्टर म्हणाला, गर्भपिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. तिशीतच पिशवी गेली. त्यासाठी मुकादमाकडून घेतलेली उचल अजून फिटली नाही, आणि आता ती कंबर धरून उठते. पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, औषधाने बरं होतं, हे तिला कुणीच सांगितलं नाही. हा कॅन्सर होतो एचपीव्ही नावाच्या विषाणूने. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. ज्यांच्यात वर्षानुवर्षं टिकतो त्यांना धोका, आणि गाठ व्हायलाही बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्या काळात एक तपासणी तुमच्याच्यानं होत नाही?

बीडमध्ये २०१९ साली सरकारनेच ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सहात एक! समिती नेमली, अहवाल आला. फडात संडास आले का? कारखान्याचे चेअरमन तुमच्याच बाकांवर बसतात, त्यांना कुणी विचारलं का? साखरेच्या दरासाठी रात्रीत बैठका होतात, बाईच्या पोटासाठी होत नाहीत.

आणि या तपासणीचा गुण सिद्ध कुठे झाला, माहीत आहे? आमच्याच जिल्ह्यात. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यांतल्या १ लाख ३० हजारांहून जास्त बायका टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या डॉक्टरांच्या अभ्यासात होत्या. एचपीव्हीची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली ते जगापुढे आलं. जगाने त्यावरून धोरणं बदलली. ज्यांच्या अंगावर हे शिकलात, त्यांच्या उपकेंद्रात मात्र किट नाही.

दसऱ्याच्या आत तीस वर्षांवरच्या प्रत्येक ऊसतोड बाईची एचपीव्ही तपासणी करा. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, त्यासाठी डॉक्टर मॅडमची वाट बघायला नको. अहवाल आशाताईंमार्फत फोनवर कळवा, कारण तेव्हा बायका कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतील. शिबिराची तारीख लेखी द्या. या वेळी फोटोला कुणी उभं राहणार नाही.

आपली,
भूम तालुक्यातली एक बाई