कोड पुसण्याआधी तो बिलावर लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वडोदऱ्यातला मोटर मेकॅनिक. तरसाळीच्या आयटीआयमधून ट्रेड करून बाहेर पडलो, त्याला आता 34 वर्षं झाली. रावपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. दोन गाड्या आत मावतात, तिसरी रस्त्यावर उभी करावी लागते. पेपरात पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. विषय आहे स्कॅनरवरचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या यंत्रावरचं, 'इरेज' (पुसा) बटण.

आजकाल प्रत्येक गॅरेजात स्कॅनर आहे आणि ते चांगलंच आहे. स्टीअरिंगखाली गुडघ्याच्या वर हात घातला की सोळा पिनांचं सॉकेट लागतं. अमेरिकेत 1996 पासून ते सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं. आपल्याकडे 2010 नंतर टप्प्याटप्प्याने आलं, आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आल्यावर गाडीचा कॉम्प्युटर आणखीच बोलका झाला. हातात मावणारं साधं यंत्र लावलं तरी इंजिनाला काय दुखतं ते पाच अक्षरांत कळतं. त्यालाच कोड म्हणतात. पूर्वी अर्धा दिवस कान लावून जे शोधायचो, त्याची दिशा आता दोन मिनिटांत मिळते. स्कॅनर मलाही प्रिय आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पण कोड दुखणं सांगतो, औषध सांगत नाही. आणि कोड वाचून, काही न लिहिता, तो पुसून गाडी ग्राहकाच्या हातात देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात लोकांचा पैसा फुकट जातो आहे. त्याबद्दल मला कळकळीनं लिहावंसं वाटलं.

कारेलीबागेतल्या एक शिक्षिका ताई गेल्या पावसाळ्यानंतर माझ्याकडे आल्या. गाडी पेट्रोल, दहा वर्षांची, रोज वाघोडियाच्या बाजूला शाळेत जाणारी. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला म्हणून त्यांनी घराजवळच्या एका गॅरेजात गाडी दाखवली होती. तिथे सांगितलं, ओटू सेन्सर (एक्झॉस्टमधला, म्हणजे धुराच्या वाटेतला, ऑक्सिजन मोजणारा) गेला. सेन्सर बदलला, दिवा विझला, बिल झालं 5,800 रुपये. नवव्या दिवशी दिवा परत लागला. परत गेल्या, त्यांनी दिवा परत विझवून दिला. तिसऱ्या वेळी ताई माझ्याकडे आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मला दिवा बंद करून नकोय. तो का लागतो ते सांगा."

बिलावर काय होतं? 'सेन्सर, मजुरी, स्कॅनिंग'. कोड कोणता आला होता याची एक अक्षर नोंद नाही. मी स्कॅनर लावला तर गाडीत काहीच शिल्लक नव्हतं, कारण त्याच सकाळी सगळं पुसलेलं होतं. ताईंना म्हटलं, गाडी घेऊन जा, नेहमीसारखी चालवा, दिवा लागला की लगेच या. मध्ये कुठेही पुसून घेऊ नका. पाच दिवस गेले. इंधनाचा दोष सहसा सलग दोन फेऱ्यांमध्ये दिसल्याशिवाय कॉम्प्युटर दिवा लावत नाही, म्हणून वाट बघावीच लागते. पहिल्या गॅरेजवाल्यानं बिलाच्या पाठीवर कोड लिहून दिला असता तर हे पाच दिवस वाचले असते.

कोड आला पी 0171. पी म्हणजे इंजिनाकडचा. त्यानंतरचं शून्य सांगतं की हा सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड आहे. पुढचा 1 म्हणजे इंधन आणि हवेचा हिशोब. पूर्ण अर्थ एवढाच की मिश्रण पातळ होतं आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पेट्रोल पंप कमजोर असेल, फिल्टर चोंदला असेल, इंजेक्टर घाण असेल, कुठून तरी हवा शिरत असेल, तरी हाच कोड येतो.

आता खरी मौल्यवान गोष्ट. कोड बसतो त्या क्षणी कॉम्प्युटर इंजिनाच्या अवस्थेचा एक फोटो काढून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन किती गरम होतं, किती आरपीएम, गाडी उभी होती की पळत होती, लोड किती, पेट्रोल किती टक्के वाढवून सोडलं जात होतं, हे सगळं त्यात असतं. अपघाताच्या जागी पोलीस पंचनामा करतात ना, अगदी तसा. 'इरेज' दाबलं की कोडबरोबर हा पंचनामाही जातो, आणि बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटरनं महिनोन्‌महिने शिकून ठेवलेला पेट्रोलचा हिशोबही परत शून्यावर येतो.

ताईंच्या गाडीच्या फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, इंजिन गरम, आरपीएम साडेसातशेच्या आसपास. म्हणजे सिग्नलला उभी असताना. मी लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनाचे त्या क्षणाचे आकडे, लावला. ॲक्सिलरेटर न देता, उभ्या गाडीत कॉम्प्युटर 23 टक्के जास्त पेट्रोल सोडत होता. ॲक्सिलरेटर देऊन अडीच हजार आरपीएमवर धरलं तर तोच आकडा 4 वर आला. पंप किंवा फिल्टरचा दोष असता तर भार वाढल्यावर आकडा वाढायला हवा होता. इथे तो उतरला. म्हणजे पंपाकडे बघायचं कारण नव्हतं. इंजिन हळू फिरतानाच कुठून तरी हवा आत ओढली जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू केली. बारीक टिक-टिक आवाज. पोराला सांगितलं, ओल्या कपड्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर दाबून धर. दाब वाढला आणि टिक-टिक मोठी झाली. पत्रा खोलला तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळीच्या) गॅस्केटजवळ काजळीचा पट्टा, आणि ती आवळून धरणारा एक स्टड तुटलेला. उभ्या गाडीत एक्झॉस्टच्या दोन झटक्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा ओढली जायची आणि थेट सेन्सरसमोरून वाहायची. सेन्सर ऑक्सिजन दिसतो म्हणून सांगत होता, त्यावरून कॉम्प्युटर मिश्रण पातळ समजून पेट्रोल वाढवत होता, आणि ऑक्सिजन खरोखरच तिथे होता. जुना सेन्सर पूर्ण खरं बोलत होता. त्यालाच काढून फेकलं गेलं. गॅस्केट, दोन स्टड आणि मजुरी धरून साडेनऊशे रुपये झाले. गाडीला आता वर्ष होत आलं, दिवा लागलेला नाही.

हा एका कोडचा किस्सा झाला. पी 0420 चीही हीच तऱ्हा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, नीट काम करत नाही असं हा कोड सांगतो. तो दिसला की कन्व्हर्टर बदला म्हणतात, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो, कारण आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमसारखे महाग धातू असतात. कन्व्हर्टर खरंच संपलेला असू शकतो. पण गळका एक्झॉस्टही हाच कोड देतो, आणि प्लग-कॉइल खराब असून गाडी मिसिंग मारत असेल, म्हणजे पेट्रोल इंजिनात न जळता बाहेर पडत असेल, तर नवा कन्व्हर्टरही थोड्या दिवसांत जळेल. जाता जाता वाचकांना एक सांगतो. पिवळा दिवा नुसता लागला तर दोन दिवसांत दाखवा. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी दामटू नका. तेव्हा कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत असतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी रात्री जागून हे पत्र लिहितो आहे ती. 2024 च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. समा, अकोटा, फतेगंज, किती भागांत गाड्या पाण्यात उभ्या होत्या ते वडोदऱ्याच्या माणसाला सांगायला नको. पुढचे दोन-तीन महिने आमच्यासारख्यांनी दुसरं काम केलंच नाही. पाणी ओसरलं तरी कपलरच्या (वायरींच्या जोडाच्या) आत राहतं. तांब्यावर चढतो तसा हिरवट थर पिनांवर चढतो, आणि दोष सहा महिन्यांनी, वर्षानं डोकं काढतो. तेव्हा यू अक्षराचे कोड येतात, म्हणजे गाडीतला एक कॉम्प्युटर दुसऱ्याशी बोलेनासा झाला. तिथे स्कॅनरपेक्षा साधा मल्टिमीटर जास्त उपयोगी. बॅटरी सोडवून, सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांत, जिथे या बोलण्याची लाइन येते, ओहम मोजा. बहुतेक गाड्यांत साठच्या जवळ यायला हवेत. एकशेवीस दिसले तर लाइन कुठेतरी तुटली आहे.

त्या पुरातल्या काही गाड्या नीट दुरुस्त झाल्या. काही नुसत्या धुऊन-पुसून विकल्या गेल्या आणि अजूनही विकल्या जात आहेत. मागच्या हिवाळ्यात एक तरुण मुलगा, नोकरीला लागून वर्ष झालेलं, सेकंड हँड गाडी घेऊन आला. बयाणा देऊन झाला होता, बाकी रक्कम संध्याकाळी द्यायची होती. म्हणाला, "काका, विकणाऱ्यानं माझ्यासमोर स्कॅनर लावून दाखवला, एकही कोड नाही." मीही लावला. खरंच एकही नव्हता.

पण स्कॅनरमध्ये रेडीनेस नावाचं एक पान असतं. कन्व्हर्टर, ओटू सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची व्यवस्था, या प्रत्येकाची तपासणी कॉम्प्युटर गाडी चालता चालता स्वतः करतो आणि पूर्ण झाली की तशी खूण करतो. कोड पुसले की या खुणाही पुसल्या जातात, आणि परत यायला थंड स्टार्ट, शहर, हायवे असं काही दिवस गाडी फिरावी लागते. त्या गाडीत या सगळ्या अपूर्ण होत्या. आणखी एक आकडा बऱ्याच गाड्यांत असतो: कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर. तो होता 11 किलोमीटर. विकणाऱ्याच्या दारापासून माझ्या गॅरेजपर्यंत साधारण तेवढंच अंतर आहे.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की बॅटरी बदलली तरी या खुणा जातात, म्हणून तेवढ्यावरून कुणाला चोर म्हणू नये. आम्ही ड्रायव्हर सीटखालचं कार्पेट उचललं. सीटच्या पट्टीत वाळलेला गाळ होता. नखानं खरवडला तर हातावर पिवळी भुकटी आली. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग फोन घेऊन बाहेर गेला. त्याचा बयाणा बुडाला, बाकी रक्कम वाचली.

ग्राहक येतात आणि म्हणतात, "भाई, लाइट बंध करी आपो ने," म्हणजे दिवा तेवढा बंद करून द्या. मला वाटतं, ही मागणी आपण ग्राहकांनी आणि मेकॅनिकांनी मिळून बदलायला हवी. माझी शहरातल्या सर्व गॅरेजवाल्या बांधवांना हात जोडून विनंती आहे की पुसण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेममधले चार आकडे बिलावर लिहा, निदान मोबाइलवर फोटो काढून ग्राहकाला पाठवा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि ग्राहकांनी ते हक्कानं मागावं. घरी स्वतःचा ब्लूटूथवाला रीडर घेणाऱ्यांनीही पुसण्याची घाई करू नये. स्वस्तातला रीडर बहुधा फक्त इंजिनाचंच वाचतो, ब्रेक आणि एअरबॅगचं नाही, हेही लक्षात ठेवावं. आणि तो कायम लावून ठेवू नये. 16 नंबरच्या पिनेला बॅटरीचा करंट सतत असतो, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी उतरते.

सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. माझे आजोबा तिथे शिकले. घरी कुठलीही वस्तू बिघडली की ते आधी कागद-पेन्सिल मागायचे, पाना नंतर. आम्ही मुलं हसायचो. आज गॅरेजात आलेल्या प्रत्येक पोराला मी पहिलं तेच शिकवतो, आणि ती पोरं हुशार आहेत, लाइव्ह डेटा माझ्यापेक्षा लवकर वाचतात. त्यांना फक्त लिहायची सवय लावावी लागते.

मी गेली तेरा वर्षं एका फुलस्केप वहीत नोंद ठेवतो: गाडी, कोड, त्या वेळचे आकडे, आणि शेवटी दोष कुठे सापडला. पी 0171 ची नऊ पानं आहेत आणि त्यात सेन्सर खराब निघाल्याच्या नोंदी फार थोड्या आहेत. चुकलेले अंदाजही तसेच ठेवलेत, खोडलेले नाहीत. वही टेबलाच्या खणात असते. कुणा तरुण मेकॅनिकला उतरवून घ्यायची असेल तर दुपारी दोन ते चार गॅरेजात काम कमी असतं, तेव्हा यावं.

आपला,
एक मोटर मेकॅनिक
रावपुरा, वडोदरा